आवृत्ति-सहनिवास, वेब सर्व्हरवरील

एकाच वेब सर्व्हरवर एकाच फ्रेमवर्कच्या दोन किंवा अधिक आवृत्त्या एकाच वेळी कार्यरत ठेवण्याच्या व्यवस्थेस आवृत्ति-सहनिवास म्हणता येईल. वेब सर्व्हर म्हणजे ब्राउझरकडून येणारी मागणी स्वीकारून तिला योग्य ते पृष्ठ उत्तरादाखल पाठविणारी आज्ञावली होय. मागणीनुसार त्या त्या वेळी पृष्ठ तयार करावयाचे असल्यास ते काम अनुप्रयोगाकडे सोपविले जाते. अशा सर्व अनुप्रयोगांना लागणाऱ्या सामान्य सोयी, उदा., वापरकर्त्याची ओळख पटविणे, त्याने भरलेली माहिती वाचणे, विदासंचाशी संपर्क ठेवणे, फ्रेमवर्क पुरविते. सर्व्हर, फ्रेमवर्क व अनुप्रयोग यांनी कसे वागावे याविषयीच्या लेखी सूचनांना विन्यास म्हणतात आणि त्या ज्या फाइलींत असतात त्यांना विन्यास-फाइली असे नाव आहे.

निरनिराळ्या काळी लिहिलेले अनुप्रयोग फ्रेमवर्कच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर बेतलेले असतात. मात्र ते ज्या संगणकावर चालतात तो पुष्कळदा एकच असतो. जुना अनुप्रयोग नव्या आवृत्तीवर नेण्यास खर्च येतो, त्याचे मूळ लेखक बहुधा उपलब्ध नसतात आणि दैनंदिन व्यवहार त्यावर अवलंबून असल्याने तो बंद ठेवणेही शक्य नसते. त्याच वेळी नवा अनुप्रयोग नव्या आवृत्तीवाचून चालत नाही. अशा स्थितीत एका अनुप्रयोगासाठी केलेला बदल त्याच्याशी काहीही संबंध नसलेल्या दुसऱ्या अनुप्रयोगास बंद पाडू शकतो. सहनिवासाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच.

हा प्रश्न कमीअधिक प्रमाणात सर्वच वेब प्रणालींत उद्भवला. तथापि मायक्रोसॉफ्टचा आय.आय.एस. हा सर्व्हर आणि त्यावरील ए.एस.पी. डॉट नेट हे फ्रेमवर्क यांच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. कारण तेथे सहनिवास हे आरंभापासूनचे जाहीर उद्दिष्ट होते. त्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः या प्रणालीस अनुसरून केले आहे.

पूर्वपीठिका : विंडोज या परिचालन प्रणालीत अनेक आज्ञावल्यांना लागणारे समान आज्ञासंच डी.एल.एल. या प्रकारच्या फाइलींत ठेवण्याची पद्धत होती. १९९० च्या दशकात संगणकाची स्मृती व चकतीवरील जागा दोन्ही महाग होत्या. एकच फाइल सर्वांनी वापरल्याने जागेची बचत होई आणि एका ठिकाणी केलेल्या दुरुस्तीचा लाभ सर्वांना मिळे. मात्र नवी आज्ञावली स्थापित होताना आपल्याबरोबर आणलेली फाइल जुन्या फाइलीवर लिही. कधी जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीची जागा घेई, तर कधी नव्या आवृत्तीतील सूक्ष्म बदल जुन्या आज्ञावलीस मानवत नसे. हा अनुभव इतका सार्वत्रिक झाला, की इंग्रजीत त्याला ‘डी.एल.एल. नरक’ असे नाव पडले.

आय.आय.एस. ३·० बरोबर डिसेंबर १९९६ मध्ये ए.एस.पी. ही पृष्ठनिर्मितीची पद्धत आली आणि हाच दोष वेब सर्व्हरवरही प्रकट झाला. ए.एस.पी. पृष्ठे आपली बरीच कामे ‘कॉम’ पद्धतीच्या घटकांकडून करवून घेत. अशा घटकाचे नाव व त्याच्या फाइलीचा पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदविलेला असे आणि ही नोंदवही सबंध संगणकासाठी एकच होती. एकाच नावाच्या घटकाच्या दोन आवृत्त्या दोन अनुप्रयोगांना स्वतंत्रपणे देण्याची सोय सामान्यतः नव्हती. शिवाय वापरात असलेली फाइल सर्व्हर अडकवून ठेवी; ती बदलण्यासाठी सर्व्हर थांबवावा लागे व त्यावरील इतर सर्व संकेतस्थळेही तेवढ्यापुरती बंद पडत.

विंडोज २००० व त्यानंतर २००१ मध्ये आलेली विंडोज एक्स.पी. यांत या दोषावर उपाय योजले गेले. प्रणालीच्या महत्त्वाच्या फाइली इतर आज्ञावल्यांनी बदलू नयेत म्हणून त्यांना संरक्षण देण्यात आले आणि एका घटकाच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून, कोणत्या आज्ञावलीस कोणती आवृत्ती हवी हे तिच्याच सोबतच्या सूचनापत्रात लिहिण्याची पद्धत सुरू झाली. डॉट नेटच्या रचनेत हेच तत्त्व मूलभूत म्हणून स्वीकारले गेले.

डॉट नेट व शेजारी-शेजारी स्थापना : ए.एस.पी.च्या जागी येणाऱ्या नव्या फ्रेमवर्कच्या आखणीस १९९७ च्या अखेरीस मार्क अँडर्स व स्कॉट गथ्री यांनी आरंभ केला. जुलै २००० मध्ये ते जाहीर झाले आणि २००२ च्या आरंभी डॉट नेट फ्रेमवर्क १·० चा भाग म्हणून वापरात आले. त्यानंतर एप्रिल २००३ मध्ये १·१ आणि नोव्हेंबर २००५ मध्ये २·० या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या.

या आवृत्त्या एकमेकींच्या फाइलींना स्पर्श करीत नसत. विंडोजच्या निर्देशिकेत प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र कप्पा असे व त्याचे नाव आवृत्तिक्रमांकावरून पडे, उदा., १·१ साठी १·१·४३२२ आणि २·० साठी २·०·५०७२७. समाईक आज्ञासंच ज्या मध्यवर्ती संग्रहात ठेवले जात तेथे प्रत्येक संचाची ओळख केवळ नावावरून होत नसे. नाव, आवृत्तिक्रमांक, भाषा-संस्कृतीचा निर्देश आणि प्रकाशकाच्या सार्वजनिक किल्लीची खूण या चार गोष्टी मिळून ती ठरे. त्यामुळे एकाच नावाचे दोन संच एकत्र नांदू शकत. अनुप्रयोगाच्या फाइलींची प्रत काढून ती वापरण्याच्या युक्तीमुळे मूळ फाइली अडकून राहण्याचा त्रासही संपला. फाइलींच्या पातळीवरील संघर्ष अशा रीतीने जवळजवळ नाहीसा झाला.

तथापि कोणती मागणी कोणत्या आवृत्तीकडे पाठवावयाची हे सर्व्हरला सांगणे आवश्यकच होते. आय.आय.एस.मध्ये यासाठी प्रत्येक अनुप्रयोगास एक नकाशा जोडलेला असे. ‘एएसपीएक्स’ अशा अंत्यपदाची मागणी आल्यास ती अमुक कप्प्यातील अमुक फाइलीकडे द्यावी, अशी नोंद त्या नकाशात असे. नकाशातील कप्पा बदलला की अनुप्रयोगाची आवृत्ती बदले. हे नकाशे सर्व्हरच्या मध्यवर्ती विन्याससंग्रहात ठेवलेले असत, म्हणजे ते पुन्हा समाईकच होते. सहनिवासातील पुढील बऱ्याच अडचणींचे मूळ येथे सापडते.

१·१ ही आवृत्ती स्थापित करताना तिची स्थापना-आज्ञावली, वेगळी सूचना दिली नसल्यास, संगणकावरील बहुतेक ए.एस.पी. डॉट नेट अनुप्रयोगांचे नकाशे आपल्याकडे वळवून घेई. असे होऊ नये म्हणून स्थापनेच्या वेळी एक विशिष्ट पर्याय द्यावा लागे; परंतु तो ठाऊक असणारे व्यवस्थापक थोडे होते. या वळणाचे परिणाम काही वेळा गंभीर होत. १·१ मध्ये वापरकर्त्याने पाठविलेल्या मजकुराची सुरक्षेसाठी तपासणी सुरू झाली आणि त्यात वेब पृष्ठाच्या खुणांसारखा मजकूर आढळल्यास मागणी नाकारली जाऊ लागली. उपाय योग्य होता; मात्र ज्या अनुप्रयोगांत असा मजकूर स्वीकारणे हेच मुख्य काम होते, ते १·० वर सुरळीत चालत असताना कोणताही बदल न करता अडू लागले.

नकाशे हाताळण्यासाठी प्रत्येक आवृत्तीबरोबर स्वतःची नोंदणी-आज्ञावली मिळे. तिच्या एका पर्यायाने संगणकावरील नकाशे सरसकट बदलत, दुसऱ्याने नकाशांना हात न लावता केवळ आवृत्तीची नोंद होई आणि तिसऱ्याने एखाद्या विशिष्ट अनुप्रयोगापुरताच बदल करता येई. या पर्यायांच्या नावांत एखाद्या अक्षराचाच फरक असल्याने चूक होण्याचा संभव मोठा होता. शिवाय ही आज्ञावली ज्या कप्प्यातून चालविली जाई त्याच कप्प्याची आवृत्ती नकाशांत लिहिली जाई. चुकीच्या कप्प्यातून दिलेली बरोबर आज्ञाही त्यामुळे सबंध सर्व्हरची आवृत्ती पालटवी.

प्रक्रियेच्या पातळीवरील संघर्ष : विंडोज सर्व्हर २००३ बरोबर आलेल्या आय.आय.एस. ६·० ची रचना आधीच्या सर्व्हरांहून भिन्न होती. मागण्या स्वीकारण्याचे काम परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील एका घटकाकडे देण्यात आले आणि अनुप्रयोग प्रत्यक्ष चालविण्यासाठी स्वतंत्र कार्यकारी प्रक्रिया निर्माण होऊ लागल्या. एक किंवा अनेक अनुप्रयोगांचा गट करून त्यास वेगळी प्रक्रिया देता येई. अशा गटास ॲप्लिकेशन पूल म्हणतात. एका पूलमधील अनुप्रयोग कोसळला, तरी दुसऱ्या पूलमधील अनुप्रयोग चालू राहत. सर्व्हरच्या स्थैर्याच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती.

आवृत्ति-सहनिवासाच्या दृष्टीने मात्र तिने एक नवा नियम आणला. डॉट नेटचा जो भाग आज्ञावली प्रत्यक्ष चालवितो, त्यास रनटाइम म्हणतात. त्या काळी एका प्रक्रियेत रनटाइमची एकच आवृत्ती राहू शकत असे. आय.आय.एस. ५·० वर ए.एस.पी. डॉट नेटच्या प्रत्येक आवृत्तीची कार्यकारी प्रक्रिया मुळातच वेगळी असल्याने ही मर्यादा जाणवली नव्हती. आय.आय.एस. ६·० मध्ये प्रक्रिया पूलनुसार ठरू लागली आणि नवी संकेतस्थळे वेगळी सूचना नसल्यास एकाच मूळ पूलमध्ये जात. परिणामी १·१ व २·० यांचे अनुप्रयोग नकळत एकाच प्रक्रियेत येत.

अशा पूलमध्ये ज्या अनुप्रयोगाकडे पहिली मागणी येई त्याच्या आवृत्तीचा रनटाइम प्रक्रियेत दाखल होई आणि ती प्रक्रिया संपेपर्यंत दुसऱ्या आवृत्तीचा अनुप्रयोग चालू शकत नसे. त्याच्या वापरकर्त्यांना ‘सर्व्हरवरील अनुप्रयोग उपलब्ध नाही’ एवढाच संदेश दिसे. खरे कारण सर्व्हरच्या घटना-नोंदवहीत नमूद होई, एकाच आय.आय.एस. प्रक्रियेत ए.एस.पी. डॉट नेटच्या दोन आवृत्त्या चालू शकत नाहीत, असा त्या नोंदीचा आशय असे. या दोषाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे स्वरूप पहिल्या मागणीवर अवलंबून होते. सकाळी एक संकेतस्थळ चालू व दुसरे बंद असे. प्रक्रिया पुन्हा सुरू झाल्यावर बंद असलेले चालू होई व चालू असलेले बंद पडे. कोणत्याही अनुप्रयोगाच्या आज्ञावलीत चूक नसल्याने ती तपासून काहीच हाती लागत नसे.

२·० च्या स्थापनेनंतर आय.आय.एस.च्या व्यवस्थापन-पटलावर आवृत्ती निवडण्यासाठी एक यादी दिसू लागली. तिच्यामुळे अनुप्रयोगाची आवृत्ती बदलणे अतिशय सोपे झाले. परंतु ही यादी केवळ नकाशा बदली, पूल बदलत नसे. निवड एका ठिकाणी व तिच्या यशाची अट दुसऱ्या ठिकाणी, अशी ही व्यवस्था होती. प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा पूल ठेवणे हा यावरील उपाय पुढे सर्वमान्य झाला. तथापि प्रत्येक पूलची प्रक्रिया स्वतंत्र स्मृती व्यापते. एका संगणकावर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे ठेवणाऱ्या व्यावसायिकांना ही वाढ जाणवण्याजोगी होती.

याच काळात ६४ बिटी संगणकांचा प्रसार होऊ लागला आणि आणखी एक समाईक घटक उघडकीस आला. आय.आय.एस. ६·० मधील सर्व कार्यकारी प्रक्रिया एक तर ३२ बिटी किंवा ६४ बिटी असाव्या लागत. दोन्हींचे मिश्रण शक्य नव्हते. ए.एस.पी. डॉट नेट १·१ केवळ ३२ बिटी असल्याने तिचा एकच अनुप्रयोग ठेवावयाचा झाल्यासही सबंध सर्व्हर ३२ बिटी पद्धतीने चालवावा लागे आणि २·० च्या अनुप्रयोगांना ६४ बिटी सोयीचा लाभ घेता येत नसे.

विन्यासाचा वारसा : नकाशे व पूल योग्य असूनही अनुप्रयोग चालत नसल्यास कारण बहुधा विन्यास-फाइलींच्या परस्परसंबंधात आढळे. ए.एस.पी. डॉट नेटमध्ये विन्यास श्रेणीबद्ध असतो. सर्वांत वर त्या आवृत्तीची संगणकव्यापी ‘मशीन डॉट कॉन्फिग’ ही फाइल असते. २·० पासून तिच्या जोडीस एक मूळ ‘वेब डॉट कॉन्फिग’ फाइलही आली. त्याखाली संकेतस्थळाची, त्याखाली अनुप्रयोगाची आणि त्याखाली निर्देशिकांच्या ‘वेब डॉट कॉन्फिग’ फाइली येतात. वरच्या फाइलीतील सूचना खालच्यांना आपोआप लागू होतात व खालची फाइल त्यांत भर घालू शकते किंवा त्या बदलू शकते. एकच सूचना वारंवार लिहावी लागू नये हा या रचनेचा हेतू आहे.

संगणकव्यापी फाइल प्रत्येक आवृत्तीची वेगळी असल्याने तेथे संघर्ष होत नाही. संकेतस्थळाच्या मूळ निर्देशिकेतील फाइलीस मात्र आवृत्तीची मर्यादा नसते. मूळ संकेतस्थळ एका आवृत्तीवर आणि त्याच्या पोटातील अनुप्रयोग दुसऱ्या आवृत्तीवर असेल, तर पोटातील अनुप्रयोगास परक्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या सूचना वाचाव्या लागतात. पूल वेगळे असले, तरी हा वारसा तुटत नाही. कारण तो प्रक्रियांवरून ठरत नसून निर्देशिकांच्या श्रेणीवरून ठरतो.

यांतून उद्भवणाऱ्या दोषांचे तीन प्रकार सांगता येतात. पहिल्या प्रकारात खालच्या अनुप्रयोगास वरची सूचना समजतच नाही. उदा., २·० मध्ये विदासंचाच्या जोडणीसाठी नवा विभाग आला. तो मूळ फाइलीत असल्यास १·१ चा अनुप्रयोग त्यास अपरिचित विभाग म्हणून नाकारतो. त्याचप्रमाणे ४·० मध्ये लक्ष्य फ्रेमवर्क दर्शविणारा गुणधर्म आला. तो वरच्या फाइलीत दिसताच २·० चा अनुप्रयोग थांबतो. दुसऱ्या प्रकारात एकच घोषणा दोनदा होते. नोव्हेंबर २००७ मधील ३·५ ही आवृत्ती २·० च्याच रनटाइमवर आधारलेली असल्याने तिच्या काही नव्या विभागांची घोषणा प्रत्येक अनुप्रयोगास आपल्या फाइलीत करावी लागे. एप्रिल २०१० मधील ४·० मध्ये या घोषणा संगणकव्यापी फाइलीत गेल्या. त्यामुळे ३·५ च्या मूळ संकेतस्थळाखाली ठेवलेल्या ४·० च्या अनुप्रयोगास त्या दोन ठिकाणी आढळत व तो सुरूच होत नसे. तिसऱ्या प्रकारात सूचना समजते, परंतु तीत उल्लेखिलेला आज्ञासंच खालच्या अनुप्रयोगाजवळ नसल्याने तो शोधताना दोष येतो.

वारसा अनुप्रयोगाच्या सीमेवर थांबविण्यासाठी वरच्या फाइलीतील सूचना एका विशिष्ट वेष्टनात ठेवून, त्या पोटातील अनुप्रयोगांना लागू नाहीत असे लिहिण्याची सोय आहे. उपाय सोपा असला, तरी तो मूळ संकेतस्थळाच्या फाइलीत करावा लागतो. दोष दिसतो खालच्या अनुप्रयोगात आणि दुरुस्ती करावयाची ती वरच्या फाइलीत, जिच्यावर पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा अधिकार असतो.

विन्यास एकमेकांपासून वेगळे केल्यावरही दोन अनुप्रयोगांना काही गोष्टी मुद्दाम समाईक ठेवाव्या लागतात. वापरकर्त्याने एकदा ओळख दिल्यावर त्याला मिळणारे सांकेतिक प्रमाणपत्र हे याचे उदाहरण होय. १·१ मध्ये त्यासाठी त्रिगुण डी.ई.एस. ही संकेतनपद्धती वापरली जाई, तर २·० मध्ये मूलतः ए.ई.एस. पद्धती आली. दोन्ही आवृत्त्यांतील अनुप्रयोगांना एकाच प्रवेशाने जोडावयाचे झाल्यास दोघांच्या किल्ल्या समान ठेवून २·० ला जुन्या संकेतनपद्धतीने काम करण्यास सांगावे लागे. जुन्या आवृत्तीशी संबंध ठेवल्याने नव्या आवृत्तीस आपली सुधारणा सोडावी लागे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

नंतरचा विकास : विंडोज सर्व्हर २००८ मधील आय.आय.एस. ७·० मध्ये रनटाइमची आवृत्ती हा पूलचाच गुणधर्म ठरविण्यात आला. निवड व तिची अट एकत्र आल्याने आय.आय.एस. ६·० मधील अडचण संपली. ३२ बिटी व ६४ बिटी प्रक्रियांची निवडही पूलनुसार करता येऊ लागली. मात्र सर्व्हरचा व फ्रेमवर्कचा विन्यास एकाच पद्धतीच्या फाइलींत एकत्र आल्याने, पूर्वी केवळ फ्रेमवर्क वाचीत असे त्या फाइली आता सर्व्हरही वाचू लागला. मागणीवर प्रक्रिया करणाऱ्या घटकांची नोंद जुन्या जागी आढळल्यास नव्या एकात्म पद्धतीचा पूल अनुप्रयोग चालविण्याचे नाकारी; त्यासाठी एक तर नोंदी हलवाव्या लागत किंवा जुन्या पद्धतीचा पूल निवडावा लागे.

४·० ही आवृत्ती आय.आय.एस. ६·० वर स्थापित झाल्यावर निर्माण झालेला एक संघर्ष बोधप्रद आहे. अंत्यपद नसलेले पत्ते हाताळता यावेत म्हणून या आवृत्तीने सर्व्हरच्या प्रवेशद्वारी एक गाळणी बसविली. ती अशा पत्त्याच्या शेवटी काही सांकेतिक अक्षरे जोडी व पुढे ४·० चे फ्रेमवर्क ती काढून टाकी. काही विशिष्ट मांडणींत असा बदललेला पत्ता २·० च्या अनुप्रयोगाकडे जाई. त्यास ती अक्षरे अपरिचित असल्याने पृष्ठ सापडत नाही असे उत्तर मिळे. फाइली वेगळ्या, पूल वेगळे, विन्यास वेगळे. परंतु प्रवेशद्वार समाईक होते. रजिस्ट्रीतील एका नोंदीने ही सोय बंद करणे हा त्यावरील एक उपाय होता.

ऑगस्ट २०१२ मधील ४·५ या आवृत्तीपासून शेजारी-शेजारी स्थापनेचे धोरण अंशतः मागे घेण्यात आले. ही व यानंतरची ४ या मालिकेतील प्रत्येक आवृत्ती ४·० च्याच जागी स्थापित होते आणि अनुप्रयोगाने जाहीर केलेल्या लक्ष्य आवृत्तीनुसार आपले वर्तन काही बाबतींत जुन्याप्रमाणे ठेवते. अनेक आवृत्त्यांऐवजी जुने वर्तन सांभाळणारी एकच आवृत्ती, असे याचे स्वरूप आहे.

जून २०१६ मध्ये आलेल्या डॉट नेट कोअर या नव्या प्रणालीने पुन्हा विभक्ततेचा मार्ग धरला. तीत अनुप्रयोगास हवे असल्यास आपला सबंध रनटाइम स्वतःबरोबर नेता येतो. प्रारंभी हे अनुप्रयोग आय.आय.एस.च्या बाहेरील स्वतंत्र प्रक्रियेत चालत. वेग वाढविण्यासाठी डिसेंबर २०१८ मधील २·२ या आवृत्तीपासून ते आय.आय.एस.च्या कार्यकारी प्रक्रियेतच चालविण्याची सोय झाली. त्याबरोबर जुना नियमही परतला : एका पूलमध्ये असा एकच अनुप्रयोग राहू शकतो, दुसरा आल्यास दोष नोंदविला जातो. पोटातील अनुप्रयोगात एकाच घटकाची दुहेरी घोषणा होण्याचा प्रकारही येथे आढळला आणि त्यावर वारसा थांबविणाऱ्या त्याच वेष्टनाचा उपाय योजण्यात आला.

अन्य प्रणाली : मुक्त आज्ञावल्यांच्या क्षेत्रात अपाचे सर्व्हर व पी.एच.पी. यांच्या बाबतीत असाच प्रश्न निर्माण झाला. पी.एच.पी. ४ ही आवृत्ती मे २००० मध्ये व ५ ही आवृत्ती जुलै २००४ मध्ये आली. पी.एच.पी. बहुधा अपाचेच्या प्रक्रियेतच एक घटक म्हणून बसविले जाई आणि दोन्ही आवृत्त्यांचे घटक एका प्रक्रियेत एकत्र चालविणे व्यवहार्य नव्हते. एक आवृत्ती घटक म्हणून व दुसरी प्रत्येक मागणीस वेगळ्या प्रक्रियेत चालविणे, हा मार्ग संथ होता. जुने अनुप्रयोग बंद पडतील या भीतीने संकेतस्थळे सांभाळणारे व्यावसायिक नवी आवृत्ती देईनात आणि ती सर्वत्र मिळत नाही म्हणून अनुप्रयोगांचे लेखक जुन्याच आवृत्तीसाठी लिहीत राहिले. ही कोंडी फोडण्यासाठी २००७ मध्ये ‘गो पी.एच.पी. ५’ ही चळवळ सुरू झाली. तीत द्रुपाल यासारख्या प्रकल्पांनी ५ फेब्रुवारी २००८ नंतरच्या आपल्या नव्या आवृत्त्यांसाठी पी.एच.पी. ५·२ आवश्यक करण्याचे ठरविले. पी.एच.पी. ४ साठीच्या अखेरच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत ८ ऑगस्ट २००८ ही होती. पुढे जुलै २०१० मध्ये ५·३·३ या आवृत्तीत प्रक्रियांचे स्वतंत्र व्यवस्थापन समाविष्ट झाल्यावर प्रत्येक संकेतस्थळास वेगळी आवृत्ती देणे सुकर झाले.

पायथन भाषेत प्रत्येक अनुप्रयोगास स्वतःचे आज्ञासंच देणारी ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ ही सोय २००७ मध्ये इअन बिकिंग यांनी उपलब्ध केली. फाइलींचे जग वेगळे करण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी असून युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीतील ‘सीएचरूट’ या आज्ञेत तिचे मूळ दिसते. फ्री-बी.एस.डी.मधील ‘जेल’ ही सोय २००० मध्ये आली. या कल्पनांचे सर्वसामान्य वापरासाठीचे रूप म्हणजे मार्च २०१३ मध्ये जाहीर झालेली डॉकर प्रणाली होय. तीत अनुप्रयोग, फ्रेमवर्क, आज्ञासंच व विन्यास हे सर्व एका कंटेनरमध्ये बांधले जाते आणि परिचालन प्रणालीचा गाभा तेवढा समाईक राहतो.

मूल्यमापन : या इतिहासात संघर्षाचे स्थान सतत बदलत गेल्याचे दिसते. प्रथम तो फाइलींत होता. त्या वेगळ्या झाल्यावर तो नकाशांत, नंतर प्रक्रियेत, पुढे विन्यासाच्या श्रेणीत आणि अखेर प्रवेशद्वारात आढळला. प्रत्येक वेळी जे समाईक उरले होते तेथेच तो प्रकट झाला. दोषाचा शोध घेताना अनुप्रयोगाची आज्ञावली तपासण्यापूर्वी त्याचे शेजाऱ्यांशी काय काय समाईक आहे याची यादी करणे उपयुक्त ठरते, ते यामुळेच.

विभक्ततेचे मूल्यही दुर्लक्षणीय नाही. समाईक फाइलीत केलेली एक दुरुस्ती सर्वांना मिळत असे. प्रत्येकाची प्रत वेगळी झाल्यावर प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे दुरुस्त करावी लागते. सहनिवासामुळे जुना अनुप्रयोग निर्वेध चालू राहतो आणि त्यामुळेच तो नव्या आवृत्तीवर नेण्याची निकड भासत नाही. आय.आय.एस. ६·० ज्याचा भाग होता त्या विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी संपुष्टात आला. त्यानंतर त्यावर चालू राहिलेले अनुप्रयोग बाहेरून पूर्वीसारखेच दिसत असले, तरी नव्याने उघडकीस येणाऱ्या सुरक्षा-उणिवांपासून त्यांना नियमित संरक्षण राहिले नाही. आवृत्ति-सहनिवास हा स्थित्यंतरासाठी अवधी मिळवून देणारा उपाय आहे. तो अवधी किती व त्यात जुन्या अनुप्रयोगाचे काय करावयाचे, हे ठरविल्याशिवाय केलेली व्यवस्था कालांतराने स्वतःच एक नवा प्रश्न होऊन बसते.